औषधाच्या चिठ्ठीवर दूध

मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायात प्रभू येशू अंतिम न्यायाचे चित्र रेखाटतो. तेथे भुकेला आणि आजारी एकाच यादीत उभे असतात. आधुनिक राज्यव्यवस्थेने मात्र त्यांची खाती वेगळी केली. अमेरिकेत १९६४ साली गरिबांच्या अन्नासाठी ‘फूड स्टँप’चा कायदा झाला, त्याचा कारभार कृषी खात्याकडे गेला. पुढच्याच वर्षी, ३० जुलै १९६५ रोजी, अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या सरकारी आरोग्यविमा योजनांच्या कायद्यावर सही केली. मेडिकेड डॉक्टर, इस्पितळ आणि औषध यांचे पैसे देई. रुग्णाच्या घरची चूल पेटते की नाही, हा प्रश्न विम्याच्या कक्षेबाहेरचा ठरला.

ही फारकत किती कृत्रिम आहे, हे मिसिसिपी राज्यातील माऊंड बायू या गावाने लवकरच दाखवून दिले. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी १८८७ साली वसविलेले हे गाव. १९६०च्या दशकात भोवतालच्या कापसाच्या शेतांवर यंत्रे आली आणि मजुरांच्या हातचे काम गेले. फूड स्टँप त्या काळी रोख पैसे देऊन विकत घ्यावे लागत. ज्याच्याजवळ दमडी नाही, त्याला भुकेवरचा सरकारी उपायही परवडत नसे! अशा ठिकाणी १९६७ साली डॉ. जॅक गायगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेल्टा आरोग्य केंद्र सुरू केले. गायगर यांनी विद्यार्थिदशेत दक्षिण आफ्रिकेतील फोलेला येथे सिडनी आणि एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याचे काम पाहिले होते. रोग्याबरोबर त्याचे घर, पाणी आणि परसबाग पाहण्याची दृष्टी त्यांना तेथे लाभली.

माऊंड बायूला खंगलेली मुले येऊ लागली, तेव्हा तेथील डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीवर दूध, मांस, भाजी लिहून देऊ लागले. गावचे किराणा दुकानदार त्या चिठ्ठीवर माल देत आणि बिल केंद्राच्या औषधखात्यात पाठवीत. वरिष्ठांनी हरकत घेतली. औषधाचा पैसा औषधावरच खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे. त्यावर गायगर यांनी उत्तर दिले, की आपल्या वैद्यकीय ग्रंथांप्रमाणे कुपोषणावरचे औषध अन्न हेच आहे. पुढे जॉन हॅच यांच्या पुढाकाराने तेथील कुटुंबांनी सहकारी शेती उभारली आणि भाजीपाला स्वतःच पिकविला. हे सारे घडले ते सरकारच्या दारिद्र्यनिर्मूलन निधीतून. मेडिकेडचा त्यात वाटा नव्हता.

विम्याच्या दाराला पहिली फट पडली ती १९८१ साली. वृद्ध आणि अपंग यांना शुश्रूषागृहात ठेवण्याऐवजी घरीच मदत देण्याची मुभा राज्यांना मिळाली. त्यात घरपोच जेवणही बसू लागले. आमच्या धर्मग्रामांतून सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद आजाऱ्याच्या घरी तांदूळ-डाळ पोहोचवितात, ती जाण जुनीच आहे. परंतु दान हे देणाऱ्याच्या ऐपतीवर अवलंबून असते. विम्यातून मिळणारे अन्न मात्र रुग्ण हक्काने मागू शकतो, आणि आमच्या मते हा फरक लहान नाही.

नॉर्थ कॅरोलायना राज्याने त्या हक्काचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. केंद्र सरकारने २०१८ साली संमती दिली आणि मार्च २०२२ मध्ये, प्रामुख्याने ग्रामीण अशा तीन विभागांत, आधी अन्नसेवा सुरू झाली. मेडिकेडच्या सभासदाला एखादी व्याधी आणि त्याबरोबर अन्न, निवारा, प्रवास किंवा घरातील हिंसाचार यांपैकी एखादी अडचण असली, की तो पात्र ठरे. एकूण २९ सेवांचे दर ठरविले होते. स्थानिक संस्था फळे-भाज्यांची पेटी घरी नेऊन देत, घराची दुरुस्ती करीत आणि डॉक्टरप्रमाणे विम्याकडे बिल पाठवीत. राज्याच्या मूल्यमापनात सभासदामागे दरमहा सुमारे ८५ डॉलर इतका वैद्यकीय खर्च घटल्याचे आढळले.

डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने हा उपक्रम राज्यभर नेण्यास संमती दिली. मात्र राज्याच्या विधिमंडळाने निधीची तरतूद केली नाही आणि १ जुलै २०२५ रोजी सेवा थांबल्या. पेट्या पोहोचविणाऱ्या लहान संस्थांना माणसे कमी करावी लागली. संमतीचा कागद त्या दिवशीही वैध होता.