बेंबीमागची जाळी

इंग्लंडची राणी कॅरोलाइन १७३७ साली वारली ती बेंबीच्या हर्नियानं. शेवटच्या बाळंतपणापासून तिच्या बेंबीपाशी फुगवटा होता आणि तो तिनं वर्षानुवर्षं लपवून ठेवला. राजाला ठाऊक होतं, पण वैद्यांना सांगायची सोय नव्हती. शेवटी आतडं त्या फटीत अडकलं, वैद्यांनी कापाकापी केली आणि दहा-बारा दिवसांत ती गेली. आमच्या गावाच्या नावातही राणी आहे. पण दरबारी वैद्य दारात असून ही गत, तर राणीसावरगावच्या हमालाची काय कथा!

जुनी माणसं या दुखण्याला अंतर्गळ म्हणत. तान्ह्या लेकराची बेंबी वर आली की तिच्यावर तांब्याचा पैसा ठेवून फडकं बांधायचे. गुण पैशाला दिला जाई. खरं म्हणजे बहुतेक लेकरांची ही फट चार-पाच वर्षांत आपोआप बुजते. मोठ्या माणसाची मात्र बुजत नाही. त्यानं पोटाला पट्टा आवळायचा आणि पोती उचलत राहायचं.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी डॉक्टर मंडळी ही फट नीट शिवू लागली. १९०१ साली अमेरिकेत विल्यम मेयो यांनी बेंबीच्या फटीचे दोन काठ अंगरख्याच्या पदरांसारखे एकावर एक घेऊन शिवायची रीत मांडली. रीत चांगली होती, पण टाक्यांवर ताण येई आणि हर्निया पुन्हा उलटे. आपल्या आयाबायांना हे शिकवावं लागत नाही. कापड विरलं असेल तर रफू टिकत नाही, ठिगळच लावावं लागतं.

ते ठिगळ १९५० नंतरच्या दशकात मिळालं. अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या फ्रान्सिस अशर यांनी प्लॅस्टिकच्या धाग्याची जाळी वापरली. पुढं पॉलिप्रॉपिलीन आलं. खताची पोती विणतात, तीच जात! १९८० नंतर लॉस एंजेलिसच्या लिक्टेनस्टाइन यांनी जांघेच्या हर्नियात काठ न ओढता जाळी बसवण्याची पद्धत रुळवली. बेंबीच्या हर्नियाचा मोठा पडताळा २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. रुग्ण तीनशे. दोनेक वर्षांत नुसतं शिवलेल्यांपैकी शंभरात बारांचा हर्निया उलटला, जाळीवाल्यांपैकी चारांचा.

आता आपल्या महाराष्ट्राकडं येऊ. परदेशी जाळी गरिबाला परवडेना. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी पाहिलं की आपल्या मच्छरदाणीचं कापडही त्याच कुळातल्या धाग्याचं असतं. ते निर्जंतुक करून त्यांनी हर्नियात बसवलं आणि २००३ साली इतर सर्जनांसोबत त्याचे निष्कर्ष छापले. (घरच्या बाजेवरची मच्छरदाणी कुणी कापायला घेऊ नये, निर्जंतुक करणं हेच त्यातलं खरं काम.) पुढं हा विचार आफ्रिकेत गेला. युगांडात जांघेच्या हर्नियाच्या ३०२ रुग्णांवर पडताळा घेतला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. एक जाळी सव्वाशे डॉलरची, दुसरी मच्छरदाणीची, एका डॉलरची. वर्षभरानं पाहिलं तर दोन्हींत फरक नावालाच.

आणि याच महाराष्ट्रात पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांनी उलटं सांगितलं. जांघेच्या हर्नियाला जाळी नकोच, रुग्णाच्या स्वतःच्या पोटातल्या पडद्याची पट्टी घ्या, म्हणाले. त्यांची पद्धत २००१ साली छापून आली. पोलंडमध्ये २०८ जणांवर तिची जाळीशी तुलना केली. तीन वर्षांत दोन्हीकडं सारखेच हर्निये उलटले. एकाच राज्यात एक सर्जन जाळी स्वस्त करतो, दुसरा ती टाळतो. मला दोघंही पटतात, कारण दोघांच्याही समोर पैसे मोजताना हात थरथरणारा रुग्ण होता.

पण बसलेली जाळी बोचू लागली तर?

माझे चुलते, आम्ही त्यांना बडेअब्बा म्हणतो, त्यांची बेंबी एका शहरात शिवली, आत जाळी टाकली. वर्ष-दीड वर्षानं सजद्यात वाकलं की एका जागी टोचू लागलं. “बाबा, ती जाळी काढूनच टाका आता,” एवढंच धरून बसले. काटा रुतला तर काढायचा, इतकं साधं त्यांना वाटलं.

जाळी काट्यासारखी नसते. तिच्या भोकांतून मांस वाढतं, ती अंगात विणली जाते, आणि हाच तिचा गुण. काढायची तर भोवतालचं मांस कोरावं लागतं, आतडं चिकटलेलं असलं तर तेही जपावं लागतं, आणि फट पुन्हा उघडी पडते ती पहिल्यापेक्षा मोठी. म्हणून पू थांबत नसेल, आतड्याला भोक पडलं असेल, जाळी गोळा होऊन रुतत असेल, किंवा बाकी सगळे उपाय थकूनही वेदना जात नसतील, तेव्हाच सर्जन हात घालतात. दुखणं कधी जाळीचं नसतंच. एखादा टाका, दबलेली नस किंवा उलटलेला हर्नियाही असू शकतो.

धोका खोटा आहे असंही नाही. डेन्मार्कमध्ये जुन्या छेदातून आलेल्या हर्नियाच्या तीन हजारांवर रुग्णांची पाच वर्षांची नोंद २०१६ मध्ये छापली. जाळीमुळं हर्निया उलटून पुन्हा करावी लागणारी ऑपरेशनं कमी झाली, पण जाळीचेच गंभीर त्रास वर्षागणिक वाढत गेले, शंभरात चार ते सहा जणांना. अमेरिकेत एका जाळीची कडी आत तुटते म्हणून २००५ पासून ती परत मागवली गेली. २०१६ मध्ये एका मोठ्या कंपनीनं आपली एक जाळी बाजारातून उचलली. अशा वेळी आपल्या पोटात कोणती आहे हे रुग्णाला कळायला नको का?

बडेअब्बांना घेऊन आम्ही दुसऱ्या सर्जनकडं गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, “कोणती जाळी? स्नायूच्या पुढं बसवली, मागं, की आतड्याच्या बाजूला?” आमच्याजवळचा कागद म्हणजे एक बिल. त्यावर लिहिलेलं, ‘मेश, नग एक’. जाळीच्या खोक्यावर नाव आणि नंबराची चिकटपट्टी असते, ती कार्डावर लावली असती तर काम सोपं होतं.

मग सीटी स्कॅन झाला. जाळी सपाट बसलेली, पू नाही, हर्निया उलटलेला नाही. दुखऱ्या जागी त्यांनी एक इंजेक्शन दिलं, सहा महिने थांबायला सांगितलं. बडेअब्बा खुर्चीवर बसून नमाज पढतात, टोचणं कमी आहे म्हणतात. त्या शहरातल्या दवाखान्याकडं ऑपरेशनची नोंद मागणारा अर्ज मी लिहून दिला आहे. खाली सही त्यांनी मोडीसारख्या वळणदार मराठीत केली.