ऐकवलेले आणि नोंदलेले

श्रोतेहो, गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या बोलण्यात किती नवे शब्द येऊन बसले पाहा. पोस्ट टाकली, फॉरवर्ड केले, अपलोड होईना, कंटेंट बरा होता, व्हायरल झाले. द्राक्षबागेत औषध मारणारा गडीही हे शब्द बोलतो आणि शाळेतले गुरुजीही बोलतात. शब्द नवे आहेत खरे; पण ते ज्या कामांसाठी वापरले जातात ती कामे काही नवी नव्हेत. मजकूर तयार करावयाचा, तो लोकांच्या कानी घालावयाचा, जपून ठेवावयाचा आणि चुकला किंवा शिळा झाला तर दुरुस्त करावयाचा. ही कामे पूर्वी कशी चालत आणि त्यांना काय म्हणत, हे दगडावर कोरलेले पाहावयाचे असेल तर फार लांब जावे लागत नाही. नाशिकहून मुंबईच्या वाटेला लागले की सात-आठ किलोमीटरांवर त्रिरश्मीचा डोंगर लागतो. आपण त्याला पांडवलेणी म्हणतो. पांडवांचा तिथे काही संबंध नाही. ती बौद्ध भिक्षूंची लेणी आहेत आणि त्यांतली जुनी दोन हजार वर्षांची आहेत.

यातल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपान राजाचा जावई उषवदात, म्हणजे ऋषभदत्त, याचे लेख आहेत. त्यांपैकी एका लेखात वर्ष ४२, वैशाख महिना, असा काळ दिला आहे. उषवदाताने लेणे दिले आणि तिथे राहणाऱ्या भिक्षूंच्या खर्चासाठी ३००० कार्षापण नाणी ठेवली. पण ती भिक्षूंच्या हाती दिली नाहीत. गोवर्धन येथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ती ठेव ठेवली. एकीकडे २०००, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधी परत मागावयाचे नाही, व्याज तेवढे घ्यावयाचे. गुरुजी, हे उदाहरण वर्गात घालून पाहा. दोन हजारांवर दरमहा वीस, म्हणजे वर्षाला २४०. आणि लेखात म्हटले आहे की वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा द्यावेत. वीस बारे दोनशे चाळीस. हिशेब एका पैनेही चुकत नाही.

गोवर्धन हे गाव आजही नाशिकच्या पश्चिमेला, गंगापूरच्या बाजूला आहे. त्या काळी ते एका आहाराचे, म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्याचे, ठिकाण होते.

आता आपल्या कामाचा भाग आला. दानाचा तपशील सांगून झाल्यावर लेख म्हणतो की हे सारे निगमसभेत श्रावित केले आणि फलकवारात, रिवाजाप्रमाणे, निबद्ध केले. श्रावित म्हणजे ऐकवले. निगमसभा म्हणजे नगरातल्या व्यापारी-कारागीर मंडळींची सभा. निबद्ध म्हणजे बांधले, नोंदले. आणि फलकवार म्हणजे जिथे नोंदींचे फलक ठेवीत ती कचेरी, असा अर्थ विद्वानांनी लावला आहे. म्हणजे दोन वेगवेगळी कामे झाली, बरं का. आधी चार माणसांत मोठ्याने वाचून दाखवले, मग फळीवर लिहून ठेवले. दगडावरचे कोरीव काम हे त्यानंतरचे तिसरे. नुसते ऐकवून भागले नाही, आणि कुणाला न ऐकवता गुपचूप लिहूनही चालले नाही. विणकरांनी उद्या म्हटले, ठेव कसली नि व्याज कसले, तर ऐकलेली माणसे आहेत. आणि ती माणसे म्हातारी होऊन गेली तर फळी आहे.

हे शब्द मेलेले नाहीत. फलकाचा फळा झाला आणि तो प्रत्येक शाळेच्या भिंतीवर चढला. ग्रामपंचायतीच्या दाराशी सूचनाफलक आहे. संगणकाच्या कळा ज्या पाटीवर असतात तिला आपण कळफलक म्हणू लागलो, म्हणजे फळी पुन्हा लिहिणाराच्या हाताखाली आली. निबद्ध या शब्दाच्याच घरातला निबंध मुले परीक्षेत लिहितात. आणि त्याच घरातला आणखी एक भाऊ तुम्हांला तालुक्याच्या गावी भेटतो. जमिनीचे खरेदीखत नोंदवायला आपण ज्या कचेरीत तासन्‌तास बसतो, तिच्या पाटीवर काय लिहिलेले असते? दुय्यम निबंधक. दोन हजार वर्षांत काम तेच राहिले आणि शब्दही त्याच धातूचा राहिला, हे मला तरी मोठे नवल वाटते. श्रावित मात्र मागे पडला. त्याच्या कुळातला श्रोता हा शब्द तेवढा नभोवाणीने जिवंत ठेवला.

आता तिसऱ्या लेण्यात चला. नहपानाचे राज्य सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने मोडले, आणि मग त्याने गोवर्धनच्या अमात्याला पाठवलेली आज्ञा इथे ओसरीच्या भिंतीवर कोरली आहे. वर्ष १८, पावसाळ्याचा दुसरा पंधरवडा, दिवस पहिला. आज्ञा अशी की ऋषभदत्ताच्या भोगवट्यात असलेले दोनशे निवर्तने शेत त्रिरश्मीवरच्या भिक्षूंना द्यावे. हा ऋषभदत्त म्हणजे तोच जावई, असे बहुतेक अभ्यासक मानतात. लेखात शब्द आहे भुत, म्हणजे भुक्त. आपल्या सातबाऱ्यावर भोगवटादार असतो, तो याच नात्यातला. शेताला सवलतीही दिल्या: शिपायांनी आत शिरू नये, कुणी हात लावू नये, मिठासाठी खणू नये, जिल्ह्याच्या अंमलदारांनी ढवळाढवळ करू नये. यावरून त्या काळी शेतकऱ्याच्या वाट्याला एरवी काय काय येत असे, तेही कळते.

पण मला दाखवावयाची आहे ती लेखाची शेवटची ओळ. आज्ञा तोंडी दिली गेली. अमात्य शिवगुप्ताने ती लिहिली. महास्वामी म्हणून जे होते त्यांनी ती राखली. तापस नावाच्या माणसाने काम पुरे केले. सांगणारा, लिहिणारा, राखणारा आणि कोरून लोकांपुढे ठेवणारा, असे चौघे आले. आज छापील पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर लेखक, मुद्रक, प्रकाशक यांची नावे असतात. त्याचीच ही पूर्वपीठिका म्हणावयास हरकत नाही. राजाच्या नावाचा मजकूर, तरी प्रत्येक हाताची नोंद. आपल्या हातातल्या यंत्रावर जो मजकूर येतो, तो कुणी सांगितला, कुणी लिहिला, कुणी राखला, यातले काय कळते? ‘पुढे पाठवा’ एवढेच कळते. श्रावित भरपूर, निबद्ध काहीच नाही. धरणाचे पाणी केव्हा सुटणार, बाजारात कांद्याला भाव काय, याबद्दलची खोटी बातमी अशीच फिरते, आणि गाडी भरून गेलेला माणूस बाजाराच्या आवारात उभा राहतो.

बरे, मजकूर राखला म्हणजे झाले असेही नाही. त्याच भिंतीवर, पहिल्या लेखाच्या खालीच, दुसरा लेख आहे. वर्ष २४. राजाच्या बरोबरीने राजमातेच्याही नावे ही आज्ञा आहे आणि ती सामक नावाच्या अमात्याला आहे. तिच्यात राजा जे कबूल करतो ते वाचून चकित व्हायला होते. कखडी गावात आम्ही पूर्वी भिक्षूंना शेत दिले. पण ते शेत कसले जात नाही आणि ते गाव वसलेले नाही. गाव उठून गेले होते! दान झाले होते, सवलती दिल्या होत्या, दगडावर अक्षरे होती, पण बांधावर नांगर नव्हता. म्हणून राजाने नगराच्या शिवेवरच्या सरकारी शेतातून शंभर निवर्तने दिली, त्याच सवलती पुन्हा लिहिल्या आणि पुन्हा नोंद केली. पहिला लेख खोडला नाही. दुरुस्ती त्याच्या खाली लिहिली, दोन्ही शेजारी ठेवली. वर्तमानपत्रे चूक सुधारतात ती आतल्या पानात, बारीक टायपात. इथे तर मूळ मजकूर आणि दुरुस्ती एकाच भिंतीवर, एकाच मापाच्या अक्षरांत आहेत.

हे सारे जुने झाले असे वाटत असेल तर आपल्याच राज्यातली गोष्ट घ्या. सातबारा संगणकावर चढवला तेव्हा नावे चुकली, क्षेत्रे चुकली, कुणाची विहीरच गळाली. मग २०१७ साली गावोगाव चावडीवाचन झाले. संगणकातला उतारा तलाठ्याने चावडीवर मोठ्याने वाचावयाचा, खातेदारांनी ऐकावयाचा आणि चूक सांगावयाची. ही निगमसभेची श्रावित करण्याची रीतच झाली. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, आणि २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवर छायाचित्रासह करावयाची ई-पीक पाहणी आली. त्यात पेरलेल्या सोयाबीनच्या जागी दुसरे पीक नोंदले गेले तर पुढे नुकसानभरपाई अडते. तेव्हा कंटेंट म्हणजे करमणुकीचाच असतो असे कुणी समजू नये. आपल्या शेताची नोंद करणारा शेतकरीही मजकूरच तयार करीत असतो, आणि त्यावर त्याचे वर्ष अवलंबून असते.

मजकूर हा शब्दच घ्या ना. तो अरबीतून फारसीच्या वाटेने आला. मूळ अर्थ, वर सांगितलेला. जुन्या कागदांत मौजे मजकूर म्हणजे वर नाव आलेले गाव. जे सांगितले ते मजकूर, असे होत होत आज लिहिलेल्या कशालाही आपण मजकूर म्हणतो. दप्तर फारसीतून आले. पेशव्यांचे दप्तर हजारो रुमालांत बांधलेले, आणि पोरांचे पाठीवर. पुढे छापखान्याबरोबर खिळे, शिळाप्रेस, मथळा असे शब्द रुळले. नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात १९२६ पासून टपालाची तिकिटे छापली जाऊ लागली. त्याआधी ती लंडनहून येत. जवळच्याच भगूरचे सावरकर यांच्या नावावर तर बोलपट, दूरध्वनी, दिनांक, क्रमांक असे कितीतरी शब्द सांगितले जातात. त्यांतले काही तोंडी बसले, काही नाही बसले. झरणी हा शब्द फाउंटन पेनसाठी चांगला गोड होता, पण पेनच जिंकले.

संकेतस्थळ या शब्दाची मात्र मला गंमत वाटते. जुन्या काव्यात संकेतस्थळी भेटायचे ते प्रियकर-प्रेयसी. आता तिथे वीजबिल भरतात.

ब्रॉडकास्ट हा इंग्रजी शब्द तर मूळचा शेतकऱ्याचा. बी मुठीत घेऊन चहूकडे भिरकावणे, आपण ज्याला फोकून पेरणे म्हणतो, त्याला इंग्रज शेतकरी हा शब्द वापरी. नभोवाणी आली तेव्हा तो तिला लावला गेला. फोकलेले बी कुठे पडेल याचा भरवसा नसतो. पाभरीने पेरलेले ओळीत पडते. नभोवाणीवर बोलणारा माणूसही फोकतच असतो.

राहता राहिला डिजिटल. मराठीत त्याला अंकीय म्हणतात. यंत्राच्या पोटात अक्षर, आवाज, चित्र सारे आकड्यांच्या रूपात साठवतात म्हणून हे नाव. आणि आकड्यांच्या इतिहासात नाशिकच्या लेण्यांना जगभर मान आहे, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. भारतातले जुने आकडे इतक्या संख्येने एका ठिकाणी सापडतात ती ही जागा. मात्र शून्य नाही. अठरा लिहावयाचे तर दहाचे चिन्ह आणि पुढे आठाचे चिन्ह. दोन हजार लिहावयाचे तर हजाराच्या चिन्हाला दोनाची खूण जोडलेली. सत्तर हजारांपर्यंतची संख्या तिथे अशी लिहिलेली आहे. हे लेख पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी वाचून १८८३ च्या नाशिक गॅझेटिअरसाठी दिले, आणि पुढे १९०५-०६ च्या सुमारास सेनार या फ्रेंच पंडिताने पुन्हा तपासून छापले.

सहल काढाल तेव्हा मुलांना अक्षरे शोधायला सांगा. लिपी ब्राह्मी आहे, पण ‘क’ सापडायला वेळ लागत नाही, कारण तो अधिकच्या चिन्हासारखा असून त्याचा उभा दांडा तेवढा लांब आहे. आणि ‘ठ’ हा नुसता गोल आहे, आपल्या ‘ठ’चे पोट जसे आहे तसा. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत वर्ष अठराचा लेख आधी पाहा, मग त्याच्या खालचा चोविसाचा. गोवर्धनची पोरे बरोबर असतील तर त्यांच्या गावाचे नाव त्यांना शोधू द्या.