स्टंटसाठी जुनी मध्यम क्षमतेची मोटारसायकल निवडताना

पुढचे चाक उचलून केवळ मागच्या चाकावर गाडी चालविणे, पुढचा ब्रेक दाबून मागचे चाक अधांतरी तोलणे, एकाच जागी लहान लहान वर्तुळे घेणे अशा कसरतींना मोटारसायकल स्टंट असे संबोधले जाते. अमेरिका आणि युरोपमध्ये या कसरतींना स्पर्धात्मक क्रीडाप्रकाराचे स्वरूप आले असून भारतातही बंदिस्त मैदानांवर त्यांची प्रात्यक्षिके होत असतात. या क्रीडाप्रकारात शिकाऊ चालकाची गाडी पडणार, हे गृहीतच धरलेले असते. त्यामुळे नवी कोरी गाडी सहसा कोणी घेत नाही, जुनी गाडीच शोधली जाते. मात्र ही निवड रोजच्या वापराच्या गाडीसारखी करून चालत नाही. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या गाडीच्या सांगाड्यातील केसाएवढी भेगही चालकाच्या जिवावर बेतू शकते.

‘मध्यम क्षमता’ या शब्दाचा अर्थ देशपरत्वे बदलतो. पाश्चात्त्य देशांत साधारणपणे ६०० ते ८०० सीसी क्षमतेच्या गाड्या या वर्गात मोडतात. आपल्याकडे रस्त्यांवर १०० ते १५० सीसीच्या दुचाकींचीच बहुसंख्या असल्याने ३०० ते ६५० सीसीपर्यंतच्या गाड्या व्यवहारात मध्यम मानल्या जातात.

परदेशातील स्टंटपटूंची जुन्या गाड्यांमधील पसंती पाहिली तर निवडीचे मर्म लक्षात येते. होंडा कंपनीची २००१ ते २००६ या काळातील सीबीआर ६०० एफ४आय ही ५९९ सीसी, चार सिलिंडरची गाडी या क्षेत्रात विशेष लोकप्रिय ठरली. ती आपल्या वर्गातील सर्वांत वेगवान गाडी नव्हती. किंबहुना २००३ मध्ये होंडानेच सीबीआर ६०० आरआर ही अधिक तिखट गाडी बाजारात आणली आणि शर्यतपटू तिकडे वळले. एफ४आय मात्र जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली आणि स्टंटपटूंनी ती उचलली. ॲक्सिलरेटरला मिळणारा सौम्य, अंदाज बांधता येण्याजोगा प्रतिसाद, ॲल्युमिनियमचा दणकट सांगाडा आणि मुबलक सुटे भाग हे तिचे गुण होते. कावासाकीच्या ६३६ सीसीच्या झेडएक्स-६आर या गाडीचाही याच कारणांसाठी बोलबाला झाला. जर्मनीचे दिवंगत विश्वविजेते स्टंटपटू ख्रिस फायफर यांनी तर चार सिलिंडरच्या गाड्यांऐवजी बीएमडब्ल्यूची ७९८ सीसी, दोन सिलिंडरची एफ ८०० आर वापरून नाव कमावले. स्टंटमध्ये सर्वाधिक वेगाला फारसे मोल नाही. ताशी २० ते ४० किलोमीटरच्या टप्प्यात गाडी कशी वागते, याला खरे महत्त्व आहे.

भारतीय ग्राहकाला एफ४आय मिळणे जवळजवळ अशक्य आहे आणि एखादी मिळालीच तर तिच्या कागदपत्रांविषयी शंका घेणेच शहाणपणाचे ठरेल. आपल्या बाजारातील व्यवहार्य पर्याय म्हणजे पुण्याजवळ चाकण येथे तयार होणारी केटीएम ३९० ड्यूक. २०१३ मध्ये ३७३ सीसी इंजिनासह भारतात दाखल झालेली ही एक सिलिंडरची गाडी सुमारे दीडशे किलो वजनाची असून तिचे सुटे भाग सहज उपलब्ध होतात. कावासाकीची ६४९ सीसीची निन्जा ६५० तिच्यापेक्षा बरीच वजनदार आहे. ती अंगावर पडली तर एकट्याने उचलणे कठीण आणि एकदा पडली की दुरुस्तीचा खर्चही मोठा. अनुभवी चालकासाठी ती ठीक असली तरी शिकाऊ चालकाने तिच्या वाटेला जाऊ नये.

३९० ड्यूक घेतानाही उत्पादनाचे वर्ष पाहणे अगत्याचे आहे. २०१७ पूर्वीच्या गाड्यांमध्ये ॲक्सिलरेटरची मूठ केबलने जोडलेली होती. त्यानंतरच्या गाड्यांत ते काम इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडे गेले. त्याहून महत्त्वाचा बदल सांगाड्यातील आहे. २०१७ पासून आसनाखालचा मागचा भाग मुख्य सांगाड्याला बोल्टने जोडलेला असतो. व्हीली करताना तोल मागे गेला की गाडीची शेपटी जमिनीवर आदळते आणि हाच भाग वाकतो. तो सुटा असेल तर बदलता येतो. जोडकामाने एकसंध असेल तर सारा सांगाडाच संकटात येतो. शिवाय नव्या गाडीत मागच्या चाकापुरते एबीएस बंद करण्याची सोय आहे. या दोन कारणांसाठी थोडे अधिक पैसे मोजून २०१७ नंतरची गाडी घ्यावी.

आता प्रत्यक्ष तपासणीविषयी. गाडी पाहायला सकाळी जावे आणि इंजिन थंड ठेवण्यास विक्रेत्याला आधीच सांगावे. गरम करून ठेवलेले इंजिन अनेक दोष झाकते. सर्वप्रथम हँडल ज्या नळीत बसते तो सांगाड्याचा गळा पाहावा. व्हीलीनंतर पुढचे चाक आपटले की सगळा धक्का याच ठिकाणी बसतो. जोडकामाच्या रेषेवर रंगाला तडा गेला आहे काय, गंजाची बारीक रेघ दिसते काय, हे बॅटरीच्या उजेडात न्याहाळावे. बाकीची गाडी जुनी आणि गळ्याभोवतीचा रंग तेवढा ताजा असेल, तर व्यवहार तेथेच थांबविणे उत्तम. हँडल पूर्ण वळल्यावर त्याला अडविणारे दोन लहान थांबे सांगाड्यावर असतात. ते चेपलेले किंवा तुटलेले असतील तर गाडी जोरात पडली आहे, असे खुशाल समजावे. विक्रेत्याच्या शब्दांपेक्षा हे थांबे अधिक खरे बोलतात.

त्यानंतर पुढचे चाक जमिनीपासून उचलून हँडल सावकाश एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे फिरवावे. अगदी मध्यावर आल्यावर ते खाचेत अडकल्यासारखे वाटले तर आतील बेअरिंगवर वारंवारच्या आदळण्याने खळगे पडले आहेत. बेअरिंग बदलता येते, तो खर्च मोठा नाही. मात्र ती गाडी याआधीच स्टंटसाठी वापरली गेली आहे, हे त्यातून कळते. मग फोर्कच्या नळ्या सरळ आहेत काय, तेल पाझरते काय, चाक फिरविताना रिम डुलते काय, हे पाहावे. हँडलची टोके, ब्रेक आणि क्लचच्या दांड्यांची टोके, सायलेन्सरचा मागचा कडा व नंबरपाटीखालचा भाग यांवरील ओरखडे गाडीचा पूर्वेतिहास सांगतात. संरक्षक पिंजरा बसवून नंतर काढला असेल तर इंजिनाच्या टांगणीचे बोल्ट मूळचे नसतात. गाडी पिंजऱ्यावर पडली की धक्का थेट या टांगणीकडे जातो आणि इंजिनाच्या आवरणाचे ॲल्युमिनियमचे कान तडकतात. नेमकी ही जागा घाईत कोणी पाहत नाही.

इंजिनाच्या बाबतीत एक गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे. वंगणतेल इंजिनाच्या तळाशी साठलेले असते आणि पंप ते तेथून खेचून घेतो. गाडी बराच वेळ जवळजवळ उभी राहिली की तेल मागच्या भिंतीकडे सरकते, पंपाचे तोंड उघडे पडते आणि तेलाऐवजी हवा खेचली जाते. असे वारंवार घडल्यास क्रँकची बेअरिंगे व डोक्यातील कॅम कोरडे चालून झिजतात. म्हणून तेल काढण्याचा बोल्ट विक्रेत्याच्या संमतीने उघडून थोडे तेल स्वच्छ पांढऱ्या ताटलीत घ्यावे. त्यात धातूची चकाकी दिसली, किंवा इंजिन तापल्यावर तळातून खोल ठकठक ऐकू आली, तर किंमत कितीही कमी सांगितली तरी ती गाडी स्वस्त नाही. क्लच प्लेट झिजलेल्या असणे हे त्या मानाने किरकोळ होय. त्या स्टंटच्या गाडीत झिजतातच. गिअरबॉक्सचे तसे नाही. दुसऱ्या गिअरमध्ये जोर दिल्यावर गिअर आपोआप सुटत असेल तर इंजिन पूर्ण उघडावे लागते. स्टंटचा बराच भाग पहिल्या-दुसऱ्या गिअरवरच चालत असल्याने ही चाचणी टाळू नये. शेवटी, गाडी उभी ठेवून इंजिन तापू द्यावे आणि रेडिएटरचा पंखा सुरू होतो की नाही ते पाहावे. संथ गतीत समोरून वारा मिळत नसल्याने इंजिनाची सारी भिस्त त्या पंख्यावर असते.

खरेदीनंतरच्या बदलांचा खर्च आधीच हिशेबात धरावा. मागचे स्प्रॉकेट मोठे बसविण्याची पद्धत आहे. ३९० ड्यूकचे मागचे ४५ दात्यांचे स्प्रॉकेट काढून ६० दात्यांचे लावले, तर चाकाला मिळणारा जोर एक तृतीयांशाने वाढतो आणि इंजिनाच्या त्याच फेऱ्यांवर वेग पाव हिश्श्याने घटतो. त्यासाठी चेनही लांब घ्यावी लागते. याखेरीज इंजिनाभोवती पिंजरा आणि मागच्या ब्रेकसाठी हाताने चालविण्याची दांडी हे बदल सर्रास केले जातात. हेल्मेट, पाठीचे कवच, गुडघा-कोपरांची ढाली आणि घोट्यापर्यंतचे बूट यांना मात्र या यादीत पहिले स्थान द्यावे. एकूण रकमेचा निदान तिसरा हिस्सा या सामग्रीसाठी राखता येत नसेल, तर लहान गाडी घ्यावी.

कागदपत्रांची तपासणी तितकीच काटेकोर हवी. सांगाड्यावर कोरलेला चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी अक्षरशः जुळला पाहिजे. खाडाखोड दिसल्यास माघार घ्यावी. कर्जाचा बोजा असेल तर नमुना ३५ वर वित्तसंस्थेची सही घेऊन तो उतरवून घ्यावा. मालकी हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३० भरावे लागतात आणि गाडी परराज्यातील असेल तर नमुना २८ वरील ना हरकत प्रमाणपत्रही लागते. विक्रेत्याने राज्यांतर्गत व्यवहाराची माहिती १४ दिवसांत, तर खरेदीदाराने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळविणे बंधनकारक आहे. थकलेल्या ई-चलनांची चौकशीही पैसे देण्यापूर्वीच करावी.

नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. सार्वजनिक रस्त्यावर केलेल्या कसरती कलम १८४ खाली धोकादायक वाहनचालन ठरतात आणि त्यात पादचाऱ्याचा जीव पणाला लागतो, हा मुद्दा दंडापेक्षा कितीतरी मोठा आहे. त्यामुळे बदल केलेली गाडी सरावाच्या बंदिस्त मैदानावर टेम्पोतून न्यावी आणि मैदानमालकाची परवानगी लेखी घ्यावी. नेहमीच्या विमा पॉलिसीत संघटित शर्यती व वेगचाचणी वगळलेली असते, याचीही नोंद घ्यावी. अल्पवयीन मुलाच्या हट्टाखातर गाडी घेणाऱ्या पालकांनी कलम १९९-अ वाचून ठेवावे. अल्पवयीन चालकाने गुन्हा केल्यास त्यानुसार पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो आणि वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द केली जाते.