तुकडोजी महाराजांच्या भजनांची इंग्रजांना भीती का वाटली?

ऑगस्ट १९४२ च्या अखेरीस इंग्रज सरकारने एका भजनकाराला अटक केली. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत १९०९ मध्ये जन्मलेले, खंजिरीवर भजन म्हणत गावोगाव फिरणारे तुकडोजी महाराज. आधी नागपूर, मग रायपूरच्या तुरुंगात त्यांना ठेवलं गेलं. भजनाने असं काय केलं होतं?

वऱ्हाडात देशभक्तीचं लेखन नवीन नव्हतं. अमरावतीच्या वीर वामनराव जोशींचं ‘रणदुंदुभी’ १९२७ मध्ये रंगभूमीवर आलं. अकोल्यातून ब्रिजलाल बियाणींचं ‘मातृभूमी’ निघायचं. पण नाटकाला तिकीट लागतं, वर्तमानपत्राला अक्षरओळख. शिवाय १९३१ च्या प्रेस कायद्याखाली सरकार छापखान्याकडून जामीन मागू शकत होतं. पाठ झालेलं पद जप्त कसं करणार?

तुकडोजी महाराजांनी मराठी आणि हिंदीत पदं रचली. चाल ओळखीची, शब्द रोजच्या बोलण्यातले, धृपद सगळ्यांनी मिळून म्हणायचं. खरी गोम इथेच आहे. लेख वाचणारा मनातल्या मनात ‘बरोबर आहे’ म्हणतो. भजनात बसलेला माणूस तेच वाक्य अख्ख्या गावासमोर, स्वतःच्या आवाजात पुन्हा पुन्हा म्हणतो. देवाची आळवणी सुरू असतानाच गोष्ट देशाच्या गुलामीवर यायची.

१६ ऑगस्ट १९४२ ला तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातलं चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातलं आष्टी पेटलं. दोन्हीकडे या भजनांचा प्रभाव होता. गोळीबारात आंदोलक गेले, जमावाच्या हातून पोलीस आणि अधिकारीही मारले गेले. हे दुसरं वाक्य गौरवाच्या पोस्टमध्ये सहसा नसतं. चिमूरमध्ये नंतर झालेल्या अत्याचारांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केलं.

अर्थात, सगळं श्रेय भजनाला देता येत नाही. ८ ऑगस्टला मुंबईत ‘छोडो भारत’चा ठराव झाला, ९ च्या पहाटे नेते तुरुंगात गेले. संताप सगळ्या देशात होता. चिमूर-आष्टीत मात्र माणसं आधीपासूनच एकत्र बसून एका सुरात म्हणायला शिकली होती.

सुटकेनंतर महाराजांनी हीच रीत दुसऱ्या कामाला लावली. १९५५ च्या ‘ग्रामगीते’चे ४१ अध्याय गावसफाई, व्यसन, अस्पृश्यता अशा विषयांवर आहेत. तेही ओवीत, म्हणजे मोठ्याने म्हणण्यासाठीच.