धाकट्या भावाचं विद्यापीठ

मागच्या दोन भागांत आपण पलटणींच्या नावांचा इतिहास पाहिला. आजही लढाईच आहे, पण हिरवळीवरची, आणि तीही अमेरिकेतली. निवृत्त फौजी तिकडे कुठे घुसला, असं वाटेल. त्याला कारण माझी मुलगी आणि जावई.

दोघंही मिशिगन राज्यात राहतात. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा गाडीच्या पुढच्या बाजूला एक पाटी दिसली. अर्धी हिरवी, अर्धी निळी-पिवळी, आणि त्यावर ‘विभागलेलं घर’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द. मुलगी ईस्ट लॅन्सिंगच्या मिशिगन स्टेट विद्यापीठातून शिकली, जावई ॲन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठातून. दोन्ही गावांत अंतर साधारण शंभर किलोमीटर, म्हणजे पुण्याहून साताऱ्याला जावं तेवढं. अशा पाट्या तिथे दुकानात सर्रास मिळतात. मी हसलो. जावई म्हणाला, “बाबा, आमच्यासाठी ही मॅच तशी फार मोठी नसते. आमचं खरं वैर ओहायो स्टेटशी.” स्वयंपाकघरातून भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला. मी चाळीस वर्षं संसार केलाय, तो आवाज मला कळतो.

तो सामन्याचा आठवडा होता. अमेरिकन फुटबॉल म्हणजे लांबुळका चेंडू, डोक्याला हेल्मेट, आणि कॉलेजच्या पोरांचा सामना बघायला ॲन आर्बरच्या मैदानात लाखाहून अधिक माणसं. संध्याकाळी मुलीने मला तिच्या कॅम्पसवर नेलं. तिथे स्पार्टन योद्ध्याचा एक पुतळा आहे. त्याच्याभोवती बँडपथकातली पोरं-पोरी रात्रभर पहारा देत होती. शेजारच्यांनी येऊन पुतळ्याला त्यांचा रंग फासू नये म्हणून! पाळ्या लावून, थंडीत, ब्लँकेटं गुंडाळून. संत्री ड्यूटी मी खूप पाहिली, पण इतकी मनापासून केलेली कमीच. आणि माझ्या डोक्यात आलं, ज्यांना ‘फार मोठी नसते’ असं वाटतं, त्यांच्याकडे असा पहारा असेल का?

त्या रात्रीपासून मी या दोघांचा इतिहास वाचायला घेतला.

थोरलं विद्यापीठ १८१७ सालचं. डेट्रॉइटमध्ये सुरू झालं आणि १८३७ मध्ये ॲन आर्बरला आलं. वकील, डॉक्टर, प्राध्यापक घडवणारं. धाकटं १८५५ सालचं, ‘मिशिगन राज्याचं शेतकी कॉलेज’. लॅन्सिंगजवळच्या जंगलात झाडं तोडून उभं केलेलं. तिथल्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांना अभ्यासाशिवाय रोज तीन तास अंगमेहनत सक्तीची होती. म्हणजे खुंट उपटायचे, चर खणायचे. अशी वेगळी शेतकी शाळा हवीच कशाला, तो विभाग ॲन आर्बरलाच जोडावा, असा आग्रह पहिल्यापासून होता आणि पुढेही बरीच वर्षं टिकला.

वाचलं ते अब्राहम लिंकनच्या सहीने. २ जुलै १८६२ रोजी, यादवी युद्ध ऐन भरात असताना, त्याने मॉरिल कायद्यावर सही केली. प्रत्येक राज्याला केंद्राकडून जमीन, ती विकून आलेल्या पैशातून शेतकी आणि यांत्रिकी शिक्षण. मिशिगनच्या वाट्याला २,४०,००० एकर आली आणि ती शेतकी कॉलेजला मिळाली. (ती जमीन मुळात तिथल्या आदिवासी जमातींकडून घेतलेली होती. थोरला-धाकटा या भांडणात ते तिसरे घर कुणी मोजत नाही, म्हणून इथे सांगून ठेवतो.) या पाटीवरचे ‘विभागलेलं घर’ हे शब्दही मूळ बायबलचे, पण अमेरिकेच्या राजकारणात ते गाजवले लिंकननेच, १८५८ च्या भाषणात.

हे जमीनदान विद्यापीठांचं प्रकरण आपल्याला परकं नाही. १९६० साली पंतनगरला आपलं पहिलं कृषी विद्यापीठ निघालं ते याच नमुन्यावर, इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने. पुढे लुधियाना, उदयपूर, जबलपूर, सगळीकडे हाच साचा. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात त्या रोपाची फळं असतील. माझ्या घरात आहेत. त्याबद्दल शेवटी सांगतो.

मैदानावर सुरुवातीला सामना कसला, कत्तलच होती. १८९८ च्या पहिल्या भेटीत ३९–०. १९०२ मध्ये ११९–०. होय, एकशे एकोणीस. शेतकी पोरांना पहिला विजय मिळाला १९१३ मध्ये, १२–७. थोरल्याच्या तोंडी धाकट्याची नावं ठरलेली होती: शेतकरी, गाईंचं कॉलेज. पोरं हसून घेत. हसून घेतलेला अपमान जास्त दिवस टिकतो.

मग आला जॉन हॅना. हा माणूस मला फार आवडला. आधी ॲन आर्बरला कायदा शिकायला गेला, तो सोडून शेतकी कॉलेजात आला आणि १९२३ मध्ये पदवी घेतली ती कुक्कुटपालनात! कोंबड्यांचा तज्ज्ञ. १९४१ ते १९६९ अशी अठ्ठावीस वर्षं तो तिथला अध्यक्ष होता. मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यात सहायक सचिव झाला आणि नागरी हक्क आयोगाचा पहिला अध्यक्षही. महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांना सरकारी खर्चाने शिकण्याची सोय झाली होती. हॅनाने त्यांच्यासाठी दारं सताड उघडली आणि कॉलेज बघता बघता फुगलं.

त्याला ठाऊक होतं की अमेरिकेत सामान्य माणूस विद्यापीठाचं नाव प्रयोगशाळेमुळे नाही, तर शनिवारच्या सामन्यामुळे ओळखतो. थोरलं ज्या ‘बिग टेन’ संघटनेत होतं, तिथून १९४६ मध्ये शिकागो विद्यापीठ बाहेर पडलं. एक जागा रिकामी झाली. ती मिळायला १९४९ उजाडलं आणि फुटबॉलमध्ये प्रत्यक्ष उतरायला १९५३. ॲन आर्बरने आतून दार धरून ठेवलं होतं, हे ईस्ट लॅन्सिंगमध्ये आजही लहान पोरांना सांगतात. नावाचं मात्र उघड आहे. १९५५ मध्ये, शंभराव्या वर्षी, कॉलेजने ‘विद्यापीठ’ हा शब्द मागितला तेव्हा थोरल्याने विरोध केला. लोकांचा गोंधळ होईल म्हणे! विधिमंडळाने तो मोडून काढला.

१९५३ मध्ये गव्हर्नर विल्यम्स यांनी दोघांच्या सामन्यासाठी एक ट्रॉफी दिली, पॉल बनियन या लाकूडतोड्याचा लाकडी पुतळा, चार फूट उंच, खाली पाच फुटांची बैठक. मिशिगनला ती नकोच होती. पुढच्या वर्षी जिंकले तरी त्यांनी तिच्यावर आपला आकडा कोरायची तसदी घेतली नाही. हरल्यावर ट्रॉफी नको म्हणणं समजू शकतो. पण जिंकून ती अडगळीत टाकणं, हा अपमान करण्याचा मोठा कसबी प्रकार आहे.

आणि आता आकडे बघा. १९५० ते १९६७ या अठरा वर्षांत धाकट्याने तेरा सामने जिंकले, तीन हरले, दोन बरोबरीत. १९५२ मध्ये ते राष्ट्रीय विजेते होते. साठच्या दशकात डफी डॉर्टी या प्रशिक्षकाने दक्षिणेतल्या काळ्या खेळाडूंना आणलं. तिथली मोठी विद्यापीठं वंशभेदामुळे त्यांना घेत नव्हती. टेक्सासचा बब्बा स्मिथ, साउथ कॅरोलिनाचा जॉर्ज वेब्स्टर, नॉर्थ कॅरोलिनाचा जिमी रे. शेतकी कॉलेजने ज्यांना कुणी दार उघडत नव्हतं त्यांना आत घेतलं, आणि त्या पोरांनी त्यांचा सुवर्णकाळ घडवला.

म्हणजे दोन दशकं धाकटा सरळसरळ वरचढ होता. तरी न्यूनगंड गेला का? नाही. १९६९ मध्ये ॲन आर्बरला बो शेमबेकलर हा प्रशिक्षक आला, १९७० पासून सलग आठ वर्षं मिशिगन जिंकलं, आणि जुनी जखम अशी उघडली जणू मधली वर्षं झालीच नव्हती.

इथे मला माझा अनुभव आठवतो. मी कंपनी कमांडर असताना आमच्या ब्रिगेडमध्ये एक जुनी, मानाची पलटण होती. आम्ही नवे. आंतर-पलटण हॉकीत त्यांच्याकडून सारखे हरायचो. एका वर्षी मी पोरांना रोज सांगितलं, ते तुम्हाला काय समजतात ठाऊक आहे ना? ते मी बरंचसं वाढवून सांगत होतो. न्यूनगंड हे फार स्वस्त पेट्रोल आहे. आम्ही जिंकलो, रात्रभर ढोल वाजले. दुसऱ्या दिवशी त्यांचे सुभेदार मेजर जिलेबी घेऊन अभिनंदनाला आले आणि अगदी सरळ मनाने विचारते झाले, “साहेब, मागच्या साली फायनलला कोण होतं?” आम्हीच होतो. माझ्या पोरांचे चेहरे बघवले नाहीत. वर्षभर ज्याच्यासाठी जळलो, त्याला आपण आठवतही नाही!

पण थोरल्याची ही बेफिकिरी दर वेळी खरी असते असं नाही, आणि माझ्या जावयाशी माझं भांडण आहे ते इथे. २००१ मध्ये मिशिगन स्टेटने शेवटच्या क्षणी २६–२४ ने सामना जिंकला. घड्याळात एक सेकंद शिल्लक राहिला होता, त्यात त्यांनी डाव साधला. घड्याळ यजमानांच्या माणसाने मुद्दाम थांबवलं, अशी ओरड ॲन आर्बरला झाली आणि आजही होते. ज्या सामन्याची फिकीर नाही, त्यातला एक सेकंद वीस-बावीस वर्षं कुणी मोजत बसत नाही. अहंगंड हा न्यूनगंडाचाच भाऊ. फक्त तो इस्त्रीचे कपडे घालतो.

नोव्हेंबर २००७. मिशिगन मागे पडलं होतं, पण शेवटी २८–२४ ने जिंकलं. त्यांचा खेळाडू माइक हार्ट पत्रकारांना हसत म्हणाला की धाकट्या भावाबरोबर खेळताना त्याला थोडा पुढे जाऊ द्यायचं असतं, मग काढून घ्यायचं. झालं. ‘धाकटा भाऊ’ हे दोन शब्द राज्यभर झाले. मिशिगन स्टेटचे प्रशिक्षक मार्क डँटोनिओ तेव्हा नवे होते. त्यांनी गर्वाचं घर खाली असतं अशा अर्थाचं सुनावलं. पुढे २००८ ते २०१५ या आठ सामन्यांपैकी सात त्यांनी जिंकले. २०१५ चा तर दंतकथेसारखा. दहा सेकंद उरलेले, मिशिगन २३–२१ ने पुढे, चेंडू फक्त लाथेने दूर मारायचा. तो हातातून निसटला, जेलन वॉट्स-जॅक्सन या पोराने उचलला आणि धावत जाऊन २७–२३ केलं. त्याच क्षणी त्याचा खुबा निखळून मोडला. मोसम संपला त्याचा. साथीदार आनंदाने त्याच्या अंगावर कोसळत होते.

२०२२ मध्ये वेगळंच घडलं. सामना संपल्यावर मैदानातून आत जाणाऱ्या बोगद्यात मिशिगन स्टेटच्या काही खेळाडूंनी मिशिगनच्या खेळाडूंना मारहाण केली. सात जणांवर खटले भरले गेले. वर ज्याला मी स्वस्त पेट्रोल म्हणालो, ते असंही भडकतं. हे वाचल्यावर मला माझी हॉकीची भाषणं आठवली, आणि बरं वाटलं नाही.

चारच महिन्यांनी, १३ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री, ईस्ट लॅन्सिंगच्या कॅम्पसमध्ये एका बंदूकधाऱ्याने गोळीबार केला. तीन विद्यार्थी गेले, पाच जखमी झाले. त्याच आठवड्यात १८ तारखेला दोघांचा बास्केटबॉलचा सामना ॲन आर्बरला होता. तो झाला. मिशिगनचे विद्यार्थी धाकट्याच्या नावाचे शर्ट घालून आले होते. मुलगी सांगते, घरात त्या दिवशी टीव्हीसमोर कुणी कुणाला काही बोललं नाही. सामना मिशिगनने जिंकला.

आता माझ्या घरातलं. मी खडकवासल्याला एनडीएत गेलो. धाकटा भाऊ अकोल्याला कृषी महाविद्यालयात. सुट्टीत चार पाहुण्यांसमोर मी त्याची ओळख ‘आमचा शेणाचा इंजिनिअर’ अशी करून दिली. सगळे हसले, तोही हसला. मी ते विसरलो. पस्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या किती पोस्टिंग झाल्या, प्रत्येक ठिकाणी त्याला बोलावलं, आणि दर वेळी त्याची कापणी तरी असायची नाहीतर पेरणी. तो एकदाही आला नाही. वर्षात कापणी किती वेळा येते, हे मी कधी मोजलं नाही.

मिशिगनमधून मी त्याला व्हिडिओ कॉल लावला. कॅम्पसच्या दक्षिणेचे गोठे दाखवले, विद्यापीठाच्याच दुधाचं आइस्क्रीम विकणारं दुकान दाखवलं. मग विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. बीलने १८७९ मध्ये वीस बाटल्यांत बिया भरून कॅम्पसवर पुरल्या, किती वर्षांनी उगवतात ते बघायला. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली रात्रीच्या अंधारात, उजेड लागू नये म्हणून, उकरतात. २०२१ मध्ये काढलेल्या बाटलीतल्या बियाही उगवल्या. प्रयोग २१०० पर्यंत चालणार आहे. आणि हा बील शिकलेला कुठे? ॲन आर्बरला.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “दादा, बिया कसल्या होत्या?”

मला माहीत नव्हतं. मुलीला विचारून सांगितलं, बऱ्याचशा तणांच्या.

“तणच टिकतं,” तो म्हणाला. “आणि गाई किती लिटर देतात तिथल्या, ते विचारून ठेव. मी उद्या फोन करतो.”