सिद्ध सरहपाद

चौऱ्यांशीं सिद्धांपैकीं सरहपाद हा महामुद्रेच्या परंपरेंत आद्य आचार्य मानला जातो. तिबेटी चरित्रें सांगतात कीं, हा शास्त्रपारंगत ब्राह्मण बाण घडविणाऱ्या स्त्रीजवळ राहिला. ‘सर’ म्हणजे बाण, यावरून त्यास हें नांव पडलें. ब्राह्मणांचे होम, जैन क्षपणकांचें केशलुंचन, खुद्द बौद्ध भिक्षूंचा वेष, या साऱ्यांवर त्यानें सारखाच प्रहार केला व मुक्ति सहजांतच आहे असें सांगितलें. तेंहि ज्ञानेश्वरीच्या कांहीं शतकें आधीं, संस्कृत बाजूस सारून, अपभ्रंश दोह्यांत! हे दोहे हरप्रसाद शास्त्री यांनीं नेपाळांतून आणून १९१६ सालीं छापले. लोकभाषेंत उतरल्यानें विद्या उणी होते असें मानणाऱ्या आम्हां सुशिक्षितांनीं या पंडिताकडे अवश्य पाहावें.