कांडोळाचा डिंक

आंतड्याचें तोंड पोटावर उघडण्याची शस्त्रक्रिया जीव वांचवी. पण तेथून पाझरणारा पाचक रस भोंवतालची कातडी जाळी आणि रबरी पिशवी चिकटविण्याच्या लुकणानें आग अधिकच वाढे. अमेरिकेंतील क्लीव्हलंडचे शल्यवैद्य रूपर्ट टर्नबुल यांनीं १९५२ च्या सुमारास त्यावर कराया डिंकाची पूड योजिली. ती ओल शोषून फुगते, ओल्या कातडीसही चिकटते आणि रसाला आड येते. हा डिंक कांडोळाचा. पांढऱ्या सालीचें हें झाड आपल्याच डोंगरांवर उगवतें! १९५४ सालीं डेन्मार्कमधील परिचारिका एलिसे सोरेन्सन यांनीं बहिणीकरितां चिकट कडेची पिशवी कल्पिली. पुढें डिंकाची जागा पेक्टिन, जिलेटिन यांच्या मिश्रणांनीं घेतली. ओल शोषण्याचें तत्त्व मात्र तेंच राहिलें. रोगी चारचौघांत निःशंक बसूं लागला, त्याचें कांहीं श्रेय या रानझाडाचें आहे.